दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधील सायकल-अंतराचा नियम : एक चिकित्सा

प्रस्तावना :

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रीडाप्रकारांची, मध्ये विश्रांती न घेता पार पाडावयाची सलग स्पर्धा म्हणजे ट्रायथलॉन होय. ‘आयर्नमॅन’ या नावाने जगभर परिचित झालेला तिचा दीर्घ प्रकार १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर प्रथम आयोजित करण्यात आला. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या स्पर्धेत १५ जण उतरले व १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेत्या गॉर्डन हॅलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन असे या स्पर्धेचे स्वरूप आजही कायम आहे. त्या १५ जणांना रस्त्यावर परस्परांपासून किती अंतर राखावे, हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. रस्ता मोकळा होता.

आज एकेका स्पर्धेत दोन हजारांच्या घरात स्पर्धक उतरतात आणि याच प्रश्नावर खेळाडू, प्रशिक्षक व पंच यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. वादाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो : पुढील सायकलपासून १० मीटर, १२ मीटर की २० मीटर? तथापि या आकड्यामागे एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. ज्या नियमाचे पालन करण्यास पुरेशी जागाच उपलब्ध नाही, त्या नियमाच्या भंगाबद्दल व्यक्तीस कितपत दोषी धरावे? प्रस्तुत लेखात या नियमामागील शास्त्र, त्याची जडणघडण आणि त्याच्या अंमलबजावणीतील अडचणी यांचा ऊहापोह केला आहे.

आडोशाचे शास्त्र :

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची सुमारे ८० ते ९० टक्के शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पुढे जाणारा स्वार हवा फाडत जातो व त्याच्या पाठीमागे काही अंतरापर्यंत हवेचा दाब कमी झालेला, घुसळलेला पट्टा उरतो. या पट्ट्यात राहून शक्ती वाचविणे म्हणजेच ‘ड्राफ्टिंग’. मराठीत त्यास ‘आडोसा घेणे’ म्हणता येईल. चाकाला चाक लावून चालविणाऱ्या दुसऱ्या स्वाराला भासणारा हवेचा विरोध साधारणतः एकतृतीयांशाने कमी होतो. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर ही घट थक्क करणारी असते. बर्ट ब्लॉकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ सायकलस्वारांच्या घोळक्यात मागच्या-मधल्या भागातील स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असे आढळले. टूर द फ्रान्ससारख्या स्पर्धांचे सारे डावपेच या एका भौतिक सत्यावर उभे आहेत.

दीर्घ ट्रायथलॉनची धारणा नेमकी याच्या उलट आहे. तेथे प्रत्येकाने आपले अंतर आपल्या बळावर कापावे, हा खेळाचा पाया मानला गेला. म्हणून आडोसा निषिद्ध ठरला आणि निषेधाला मोजमापाची गरज असल्याने मीटरांचा आकडा आला.

परंतु हवेला नियमपुस्तक ठाऊक नसते. आडोशाचा लाभ १२ मीटरवर एकाएकी थांबत नाही, तो हळूहळू विरत जातो. शिवाय हे अंतर पुढील सायकलच्या पुढच्या चाकाच्या अग्रापासून मागील सायकलच्या पुढच्या चाकाच्या अग्रापर्यंत मोजले जाते. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असल्याने १२ मीटरच्या नियमात दोन सायकलींमधील प्रत्यक्ष मोकळी जागा सव्वादहा मीटर एवढीच उरते. त्यातही स्पर्धक एकामागोमाग एक रांगेत असतील, तर पुढील प्रत्येकाने घुसळलेली हवा मागच्याच्या वाट्याला येते व लाभ वाढतो.

हा लाभ किती मोलाचा, हे एका गृहीत उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, ४० किलोमीटर वेगासाठी एका स्पर्धकाला २५० वॉट शक्ती लागते व तीपैकी ८५ टक्के हवेसाठी खर्च होते. नियमात राहूनही त्याचा हवेचा विरोध केवळ ५ टक्क्यांनी घटला, तर त्याची १० वॉटच्या आसपास शक्ती वाचेल. ती शक्ती न वाचविता वेगासाठी वापरली, तर १८० किलोमीटरच्या साडेचार तासांत त्याला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळेल. आयर्नमॅनच्या पूर्ण अंतराच्या स्पर्धेत ड्राफ्टिंगसाठी पाच मिनिटांचा दंड असतो. म्हणजे काटेकोरपणे नियम पाळणाऱ्याला सायकलच्या टप्प्यात जे विनासायास मिळू शकते, ते नियम मोडणाऱ्याला होणाऱ्या दंडाच्या जवळपास जाते. शिवाय वाचलेल्या शक्तीचा खरा हिशेब पुढील मॅरेथॉनमध्ये ताज्या पायांच्या रूपाने होतो व तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

बाजूने वारा असेल तर स्थिती आणखी गुंतागुंतीची होते. १९८१ पासून हवाईची स्पर्धा बिग आयलंडवरील कोना परिसरात होऊ लागली. तेथील लाव्हाच्या उजाड पठारांतून जाणाऱ्या रस्त्यावर वाऱ्याचे आडवे झोत प्रसिद्ध आहेत. अशा वेळी आडोसा थेट मागे न राहता तिरका सरकतो. नियम मात्र सरळ रेषेत मोजतो.

नियमाची जडणघडण :

अंतराचा आकडा सर्वत्र व सर्वकाळ एकच राहिलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकात दीर्घकाळ ७ मीटर लांब व २ मीटर रुंद असा आयत ‘निषिद्ध क्षेत्र’ म्हणून सांगितला जात असे. अन्यत्र १० मीटर रूढ झाले आणि दीर्घ पल्ल्यासाठी पुढे १२ मीटर. या १२ मीटरचा एक व्यावहारिक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. अमेरिकी महामार्गांवरील तुटक पांढऱ्या रेषेचा प्रमाणित पट्टा १० फुटांचा व मधली मोकळी जागा ३० फुटांची असते, म्हणजे एका पट्ट्याच्या आरंभापासून पुढच्या पट्ट्याच्या आरंभापर्यंत ४० फूट, अर्थात १२.२ मीटर. ज्या स्पर्धकास अंतर राखावयाचेच आहे, त्याच्यासाठी रस्त्याने स्वतःच मोजपट्टी आखून ठेवलेली आहे.

दरम्यान लघु पल्ल्याच्या ट्रायथलॉनने निराळी वाट धरली. आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटनेने १९९५ पासून आपल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धांत ड्राफ्टिंगला मुभा दिली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम समाविष्ट झाला, तोही याच स्वरूपात. अंमलबजावणीचा प्रश्न तेथे नियमच मागे घेऊन सुटला. दीर्घ पल्ल्यात हा मार्ग का स्वीकारला गेला नाही, असे कोणी विचारेल. एक कारण तत्त्वाचे आहे व ते वर आलेच आहे. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. दीर्घ पल्ल्याचे स्पर्धक पुढे झेपावलेल्या हँडलवर कोपरे टेकवून, शरीर वाकवून सायकल चालवितात. या स्थितीत हात ब्रेकपासून दूर असतात. अशा शेकडो हौशी स्वारांनी चाकाला चाक लावून घोळका करणे हे अपघातालाच निमंत्रण ठरेल.

दंडाची परंपराही जुनी आहे. १९९६ मध्ये बेल्जियमच्या लुक व्हान लीर्ड यांनी हवाईत ८ तास ४ मिनिटे ८ सेकंदांचा विक्रम केला, तो सायकल टप्प्यातील तीन मिनिटांचा दंड भोगून. हा विक्रम २०११ मध्ये क्रेग अलेक्झांडर यांनी मोडला, तेव्हा फरक अवघ्या १२ सेकंदांचा होता. एका दंडाचे वजन किती असू शकते, याचा अंदाज त्यावरून यावा.

अलीकडच्या काळात व्यावसायिक खेळाडूंसाठी २० मीटरची मागणी जोर धरू लागली. व्यावसायिक ट्रायथलॉनपटूंच्या संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये डेटोना येथील आपल्या अजिंक्यपद स्पर्धेत २० मीटरचे अंतर लागू केले. आयर्नमॅनने व्यावसायिकांसाठीही १२ मीटर दीर्घकाळ कायम ठेवले होते. २०२६ च्या हंगामापासून मात्र तेथेही व्यावसायिकांपुरते २० मीटर स्वीकारण्यात आले. त्याच सुमारास मोजमापाचे साधनही बदलले. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेले ‘रेसरेंजर’ हे इलेक्ट्रॉनिक उपकरण सायकलला बसविले की दोन सायकलींमधील अंतर ते स्वतः मोजते आणि पुढील सायकलच्या मागील बाजूच्या दिव्यांच्या रंगांद्वारे मागच्या स्पर्धकास त्याची जाणीव देते. जानेवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडमधीलच टाउरंगा येथील स्पर्धेत त्याचा प्रथम वापर झाला. तोवर सारी भिस्त मोटारसायकलवर मागे बसलेल्या पंचाच्या नजरेवर होती. ताशी ४० किलोमीटर वेगात ११ व १२ मीटरमधील फरक नजरेने ओळखणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगावयास नको.

येथवरचा इतिहास प्रगतीचा वाटतो. व्यावसायिक गटात स्पर्धक मोजके, रस्ता मोकळा, उपकरणे उपलब्ध. तेथे २० मीटरचा नियम खरोखर पाळता येतो. वादाचे मूळ आहे ते हौशी, म्हणजे वयोगटांतील स्पर्धकांच्या बाबतीत. तेथे प्रश्न वायुगतिशास्त्राचा कमी व अंकगणिताचा अधिक आहे.

रस्त्याचे अंकगणित :

वयोगटांत पोहण्याचा वेग बहुसंख्यांचा सारखाच असतो. त्यामुळे पाण्याबाहेर येणाऱ्यांची मधल्या काळात अक्षरशः रीघ लागते. समजा, मधले एक हजार स्पर्धक २० मिनिटांत सायकलवर बसले. २० मिनिटे म्हणजे १२०० सेकंद. म्हणजे दर १.२ सेकंदाला एक सायकल रस्त्यावर येते. हे सर्व ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असतील, तर दोन सायकलींमध्ये किती अंतर राहील? बरोबर १२ मीटर. प्रत्येकाने अगदी एकाच वेगाने, यंत्रवत सायकल चालविली तरच नियम जेमतेम पाळला जाईल. कोणी थोडा वेगवान, कोणी थोडा मंद निघाला की नियमभंग अटळ. येथे कोणी लबाडी केलेली नाही. रस्त्याची धारणक्षमता संपली आहे, एवढेच.

चढावर हे आणखी स्पष्ट होते. १.२ सेकंदाच्या अंतराने जाणारी हीच रांग एखाद्या चढावर ताशी १२ किलोमीटरवर आली, तर दोन सायकलींमधील अंतर ४ मीटर उरते. वेळेचे अंतर तेच, जागेचे अंतर एकतृतीयांश. घाटाच्या तोंडाशी वाहने एकमेकांना कशी चिकटतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. त्या वेगाला आडोशाचा लाभही नगण्य असतो, म्हणून समंजस पंच चढावर कार्ड काढण्याची घाई करीत नाहीत. परंतु हा समंजसपणा पंचागणिक बदलतो.

ओलांडण्याच्या नियमाचेही असेच आहे. आयर्नमॅनच्या १२ मीटरच्या नियमात पुढच्याच्या क्षेत्रात शिरल्यावर २५ सेकंदांत त्याला मागे टाकणे बंधनकारक असते. १२ मीटर २५ सेकंदांत भरून काढावयाचे, तर पुढच्यापेक्षा ताशी १.७ किलोमीटर अधिक वेग हवा. ४० किलोमीटर वेगाच्या आसपास, आडोशाचा लाभ हिशेबात न धरता, त्यासाठी सुमारे १२ टक्के अधिक शक्ती, म्हणजे २५० वॉटच्या स्वारास ३० वॉट जास्त लागतील. वेळ तीच ठेवून अंतर २० मीटर केले, तर वेगातील फरक ताशी २.९ किलोमीटर आणि जादा शक्ती ५० वॉटच्या घरात जाते. अंतर वाढविणाऱ्याला वेळही वाढवून द्यावा लागतो, आणि वेळ वाढविला की आडोशातील मुक्कामही वाढतो. सुधारणा एका बाजूने आत येते व दुसऱ्या बाजूने काही अंशी बाहेर पडते.

याहून अन्यायकारक बाब म्हणजे मागे पडणाऱ्यावरील जबाबदारी. एखाद्याने तुम्हाला ओलांडले की मागे सरून पुन्हा पूर्ण अंतर निर्माण करण्याचे काम तुमचे. गर्दीच्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी कोणीतरी ओलांडून पुढे येत असेल, तर प्रामाणिक स्पर्धकाने प्रत्येक वेळी पाय थांबवावेत, १२ मीटर मागे सरावे, आणि तो मागे सरतो म्हणून त्याच्या मागच्यानेही सरावे. रांगेच्या शेवटी असलेल्याने तर काहीही न करता वेळ गमवावा. जो नियम पाळत नाही, तो घोळक्यात स्वस्थ बसून राहतो. दहा जणांच्या घोळक्यात पंच एखाद्यालाच कार्ड दाखवू शकतो व तो कोण असेल, हे बहुधा घोळक्यातील जागेवर ठरते, अपराधाच्या प्रमाणावर नव्हे. जागतिक अजिंक्यपदासाठीची पात्रता मोजक्या जागांवर ठरत असल्याने, वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मध्यमवयीन शिक्षकाचे किंवा परिचारिकेचे स्वप्न अशा तीन-चार मिनिटांत विरू शकते.

महाविद्यालयीन अध्यापकांना या स्थितीशी मिळतीजुळती एक स्थिती परिचयाची आहे. परीक्षागृहात दोन बाकांमध्ये ठरावीक अंतर असावे, असे परिपत्रक सांगते. चाळीस जणांच्या खोलीत साठ जण बसविले की ते अंतर कागदावरच राहते, आणि मग शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेवर नजर गेली म्हणून जबाबदार धरले जाते ते विद्यार्थ्याला. खोली किती जणांना द्यावी, हे ज्याने ठरविले त्याचे नाव अहवालात येत नाही.

उपायांची दिशा :

आयोजकांना ही बाब ठाऊक नाही, असे नव्हे. एकाच वेळी सर्वांना पाण्यात सोडण्याऐवजी काही सेकंदांच्या अंतराने थोड्याथोड्यांना सोडण्याची पद्धत गेल्या दशकात अनेक स्पर्धांनी स्वीकारली. कोनातही २०१९ पासून वयोगटांना गटागटाने सोडण्यात येऊ लागले. त्याने रस्त्यावरची गर्दी निश्चितच विरळ होते. मात्र त्याचीही किंमत आहे : शेजारून धावणारा आपल्या पुढे आहे की मागे, हे स्पर्धकाला कळेनासे होते, आणि समोरासमोरच्या झुंजीचा आनंद घड्याळाच्या हिशेबात हरवतो. कोनामध्ये २०२२ साली स्पर्धा दोन दिवसांत विभागली गेली व पुढे २०२३ ते २०२५ या काळात पुरुष व महिलांची अजिंक्यपदे कोना आणि फ्रान्समधील नीस येथे आलटूनपालटून झाली. या विभागणीमागे अन्य कारणेही होती. परंतु आघाडीच्या महिलांची स्पर्धा वेगवान वयोगट पुरुषांच्या गर्दीत गुरफटणे टळले, हा तिचा स्पष्ट लाभ होता.

हे सर्व उपाय रस्त्यावर दर मिनिटाला किती सायकली सोडावयाच्या, याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. नियमपुस्तकातील आकडा वाढविणे सोपे असते, त्याला खर्च नाही. सोडण्याचा वेग कमी करणे महाग पडते. रस्ता अधिक काळ बंद ठेवावा लागतो, स्वयंसेवक अधिक तास लागतात किंवा प्रवेशिका कमी कराव्या लागतात. त्यामुळेच बहुधा चर्चा मीटरांभोवती फिरत राहते.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी हौशी गटाचा प्रश्न सुटेल, ही अपेक्षाही तपासून घ्यावी लागेल. उपकरण अंतर अचूक मोजेल. परंतु वर पाहिलेल्या हिशेबानुसार ज्या रस्त्यावर जागाच नाही, तेथे ते शेकडो जणांच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी दिवे लावील. त्यापैकी कोणाला दंड करावयाचा, हा निर्णय पुन्हा माणसाकडेच येईल.

आपल्याकडील संदर्भ :

भारतात हा प्रश्न अद्याप कोवळ्या अवस्थेत आहे. २०१९ पासून गोव्यात आयर्नमॅन ७०.३, म्हणजे निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहून स्पर्धक ९० किलोमीटर सायकल चालवितात व २१.१ किलोमीटर धावतात. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील हौशी मंडळी त्यात हिरिरीने उतरतात. निम्म्या अंतराच्या स्पर्धेत गर्दी पांगण्यास रस्ताही निम्माच मिळतो, त्यामुळे सोडण्याच्या वेगाचा प्रश्न येथे अधिकच तीव्र होतो. जिल्हा पातळीवर नव्याने ट्रायथलॉन आयोजित करणाऱ्या संस्थांनी परदेशी नियमपुस्तकातील आकडा उचलण्यापूर्वी एक साधा भागाकार करावा : अपेक्षित वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याने नियमातील अंतराला भागावे, आणि जे सेकंद येतील त्याहून कमी अंतराने एकाही स्पर्धकास सायकलच्या मार्गावर येऊ न देण्याची व्यवस्था करावी. ताशी ३६ किलोमीटर वेगाला १२ मीटरसाठी हे उत्तर १.२ सेकंद आहे व २० मीटरसाठी २ सेकंद. हजार स्पर्धकांना १२ मीटर हवे असतील, तर किमान २० मिनिटे लागतील. २० मीटर हवे असतील, तर सव्वातेहतीस मिनिटांहून थोडी अधिक. वेगांतील तफावत ध्यानात घेता प्रत्यक्षात याच्या दुप्पट वेळ राखून ठेवणे श्रेयस्कर, आणि तेवढा वेळ रस्ता बंद ठेवण्याची परवानगी मिळणार नसेल, तर प्रवेशिका पाचशेवर थांबवाव्यात.